नडगीवरची पांढरी रेघ

दिवाळी सरून महिना उलटला की दादऱ्यातल्या ओट्यांवर हे दिसू लागतं. उन्हाला बसलेली सत्तरीची आजी पातळ गुडघ्यापर्यंत सारून नडगी खाजवते आणि नख जिथून फिरलं तिथे पांढरी रेघ उमटते. एक, दोन, पाच. काही दिवसांत त्या रेघांवर बारीक कोंडा धरतो, मग कुठेतरी लाल चीर पडते. रात्री अंथरुणात ऊब मिळाली की खाज अशी सुटते की डोळ्याला डोळा लागत नाही. घरातले म्हणतात, वय झालं, आता हे व्हायचंच. शेजारीण म्हणते, पाणी कमी पडतंय, तांब्याभर जास्त पीत जा.

यातलं पहिलं उत्तर अर्धं खरं आहे. दुसरं बरंचसं चुकीचं आहे, आणि तेच सगळीकडे जास्त सांगितलं जातं.

मुळात हा मुलूख कोरडा नाही. वापीहून सिल्वासाला जाताना लागणारा दादरा म्हणजे चहूबाजूंनी गुजरातने वेढलेला तीन गावांचा तुकडा: दादरा, डेमणी आणि तिघरा. दमणगंगा जवळ, समुद्रही फार लांब नाही, आणि पावसाळ्यात भाताची खाचरं तुडुंब. 1954 च्या जुलैत हे गाव पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटलं. त्या पावसाळ्यात जन्मलेली मुलं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी उभं आयुष्य चिखलात लावणी करण्यात घालवलं. पावसाळ्यात त्यांच्या पायाच्या बोटांत चिखल्या होतात आणि थंडीत त्याच पायांच्या टाचा फुटतात. कातडीला पाणी मिळत नाही असं म्हणायला इथे जागाच नाही. मिळालेलं पाणी टिकत नाही, हा खरा मुद्दा आहे.

हे पहिल्यांदा नीट कळलं ते उंदरांवरून. 1929 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना असा आहार दिला की ज्यात बाकी सगळं होतं, फक्त स्निग्ध पदार्थ अजिबात नव्हते. काही महिन्यांत उंदरांच्या कातडीला खवले आले, शेपट्या खरखरीत झाल्या. नवल हे की ते उंदीर नेहमीपेक्षा जास्त पाणी पीत होते आणि लघवी मात्र कमी होत होती. मग पाणी जात कुठे होतं? कातडीतून उडून जात होतं. आहारात अगदी थोडी चरबी घातली आणि उंदीर सुधारले. पुढच्याच वर्षी बर दांपत्याने त्या चरबीतलं मुख्य कामाचं द्रव्यही ओळखलं. ते म्हणजे लिनोलेइक आम्ल, जे आपलं शरीर स्वतः बनवू शकत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं. भरपूर पाणी पिणारे आणि तरीही कातडी कोरडी पडलेले ते उंदीर मला या विषयातले सगळ्यात बोलके साक्षीदार वाटतात.

दुसरा साक्षीदार 1952 चा. बोस्टनमधले संशोधक आयर्विन ब्लँक यांनी तळपायाच्या घट्ट्याचे तुकडे घेतले. वाळले की ते तुकडे कडक होत, वाकवले तर मोडत. ब्लँक यांनी ते तेलात बुडवून ठेवले. बाहेर काढले तर तसेच कडक, तसेच मोडणारे. पाण्यात ठेवले तर थोड्याच वेळात मऊ, लवचीक. म्हणजे कातडी मऊ करणारं द्रव्य तेल नव्हे, पाणी आहे. तेलाचं काम वेगळं: आत आलेलं पाणी बाहेर जाऊ न देणं. कोरड्या टाचेवर कोरड्या हाताने तेल चोपडून ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्या माणसाची तक्रार ब्लँक यांच्या प्रयोगात आधीच नोंदलेली आहे.

हे राखणीचं काम कातडीचा अगदी वरचा थर करतो. तो इतका पातळ आहे की वहीच्या एका कागदाच्या जाडीत तसे पाच-सहा थर मावतील. त्यात मेलेल्या, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक रचलेले असतात. सॅन फ्रान्सिस्कोचे त्वचारोगतज्ज्ञ पीटर एलायस यांनी या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली आणि ती आज पाठ्यपुस्तकांत रूढ आहे. पेशी म्हणजे विटा आणि मधला मसाला स्निग्ध द्रव्यांचा. मसाल्यात साधारण निम्मं सेरामाइड, चतुर्थांश कोलेस्टेरॉल आणि उरलेली मेदाम्लं. कोलेस्टेरॉलचं नाव ऐकताच आपण दचकतो, पण कातडीला ते हवंच असतं. खुद्द पेशींच्या आतही पाणी धरून ठेवणारी द्रव्यं असतात: अमिनो आम्लं, युरिया, लॅक्टिक आम्लाचे क्षार. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे होऊन त्यातली बरीचशी तयार होतात.

या थरात पाण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली गेलं की एक मजेशीर आणि त्रासदायक गोष्ट घडते. जुन्या पेशी रोज गळून पडायच्या असतात. त्यांना एकमेकींपासून सोडवणाऱ्या विकरांना काम करायला ओल लागते. ओल नसली की पेशी सुट्या होत नाहीत, गठ्ठ्यागठ्ठ्याने चिकटून राहतात आणि कडेने उचलल्या जातात. उचललेल्या खपल्यांच्या खाली हवा शिरते, उजेड तिथे विखुरतो, आणि म्हणून त्या पांढऱ्या दिसतात. नडगीवरची पांढरी रेघ ती हीच.

वय वाढलं की काय बिघडतं? एक नाही, पुष्कळ गोष्टी एकदम. मसाल्यातली स्निग्ध द्रव्यं म्हातारपणी सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी होतात. विशीत साधारण महिन्याभरात नवा होणारा थर साठीनंतर त्याहून बराच रेंगाळतो, त्यामुळे कुठे ओरखडा गेला किंवा साबणाने थर उघडा पडला तर तो भरून यायला वेळ लागतो. घामाच्या ग्रंथी मंदावतात. कातडीचा नैसर्गिक आंबटपणा कमी होतो आणि सेरामाइड तयार करणारी विकरं आंबट वातावरणातच नीट चालतात. तैलग्रंथींचं काम बायकांमध्ये पाळी गेल्यावर झपाट्याने उतरतं, पुरुषांमध्ये ते सत्तरीपर्यंत बऱ्यापैकी टिकतं. म्हणून एकाच घरात, एकाच वयाच्या नवरा-बायकोत आजीचे पाय आधी फुटतात आणि आजोबा म्हणतात, मला तर काही होत नाही. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजेनही जवळपास तीस टक्क्यांनी घटतं असं मोजमाप आहे. या सगळ्यात नडगीचा नंबर पहिला लागतो, कारण तिथे मुळातच तैलग्रंथी कमी.

पाणी पिण्याबद्दल माझं म्हणणं कुणी उलट घेऊ नये. म्हाताऱ्या माणसाने पाणी प्यायलाच हवं, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. 1984 मध्ये निरोगी वृद्धांना आणि तरुणांना चोवीस तास पाण्यावाचून ठेवून केलेल्या अभ्यासात असं दिसलं की वृद्धांच्या शरीराला पाण्याची गरज असूनही त्यांना तहान कमी लागली आणि पाणी समोर आल्यावरही ते कमीच प्यायले. तहान लागत नाही म्हणून पाणी नको असं वृद्धांच्या बाबतीत धरून चालता येत नाही. मूत्रपिंडांसाठी, रक्तदाबासाठी, मार्च-एप्रिलच्या उन्हासाठी त्यांच्या हाताशी तांब्या भरून ठेवावाच. पण पोटात गेलेलं पाणी आधी रक्ताला, मग बाकी अवयवांना मिळतं. कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात तर रक्तवाहिन्याच नाहीत. जो मुळातच फार कमी पितो त्याला थोडा फरक दिसेल. बाकीच्यांच्या नडगीवरची रेघ चार तांबे जास्त पिऊन जाणार नाही. याच ओघात आणखी एक सांगायला हवं. अंगात पाणी कमी आहे का हे बघायला मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडायची पद्धत आहे. वृद्धांमध्ये ती फसवते. त्यांच्या कातडीची लवचीकताच गेलेली असते, त्यामुळे पाणी पुरेसं असलं तरी चिमटा तसाच उभा राहतो. त्यापेक्षा कपाळावरची किंवा छातीच्या मधल्या हाडावरची कातडी बघावी आणि जीभ कोरडी आहे का ते बघावं.

कोरड्या कातडीला पाणी देऊन ते टिकवायचं कसं, याचं सगळ्यात चांगलं प्रात्यक्षिक मला कुठल्या सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानात सापडत नाही. ते कुष्ठरोगाच्या दवाखान्यात सापडतं. आनंदवन आणि तपोवन यांच्यामुळे मराठी वाचकाला हा आजार अनोळखी नाही. दादरा-नगर हवेलीशी तर त्याचा फार जवळचा संबंध आहे. 2005 च्या डिसेंबरात देशाने दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण ही पातळी गाठली, पण पुढची कित्येक वर्षं इथलं प्रमाण त्याहून बरंच वर राहिलं आणि देशातल्या सर्वाधिक प्रमाणाच्या प्रदेशांत या छोट्या भूभागाचं नाव येत राहिलं. या आजाराचे जंतू नसांवर घाला घालतात. संवेदना जाते, आणि तिच्यासोबत घाम आणणाऱ्या नसाही जातात. तळहात-तळपाय घाम यायचा थांबला की कोरडे पडतात, भेगाळतात. दुखत नाही म्हणून माणूस तसाच चालत राहतो, भेग खोल जाते आणि तिची जखम होते. या रोगात बोटं आपोआप झडत नाहीत, बधिर हातापायांना झालेल्या इजांनी ती जातात, हे वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून दाखवून दिलं.

अशा पायांची काळजी घ्यायला रुग्णाला जे शिकवतात त्यात औषध म्हणून काही नसतं. घमेल्यात किंवा बादलीत साधं पाणी घ्यायचं. गरम नाही, कारण चटका कळणार नाही. त्यात पाय वीसेक मिनिटं बुडवून ठेवायचे. मऊ झालेला घट्टा खरबरीत दगडाने हळूहळू घासायचा, कुठेही रक्त येऊ द्यायचं नाही. मग पाय खसाखसा पुसायचे नाहीत. पाणी फक्त निथळू द्यायचं, बोटांच्या बेचक्या तेवढ्या टिपून कोरड्या करायच्या, आणि बाकी पाय ओलसर असतानाच त्यावर तेल किंवा व्हॅसलीन चोळायचं. रोज. ब्लँक यांनी प्रयोगशाळेत जे पाहिलं ते इथे एका बादलीत आणि एका बाटलीत उतरलेलं आहे: आधी पाणी, मग तेल, आणि मधे वेळ जाऊ द्यायचा नाही. घाम गेलेला पाय या शिस्तीने वर्षानुवर्षं सांभाळता येतो, तर वयाने सुकलेली नडगी का नाही? मधुमेहातही पायाच्या नसा अशाच मंदावतात आणि घाम जातो. त्या पायांना तेल हवंच, पण ज्यांच्या पायाला स्पर्श नीट कळत नाही अशा मधुमेह्यांनी पाय भिजवत बसू नये. रोजच्या धुण्यानंतरच तेल लावावं आणि बोटांच्या बेचक्यांत लावू नये, कारण तिथे ओल साचून बुरशी धरते.

कुष्ठरोगाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ठासून सांगतो. अंगावर एखादाच डाग, आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिका किंवा लालसर, उन्हात बाकी अंग घामेजलं तरी तो कोरडाच, आणि पेनाचं टोक हलकेच टेकवलं तर कळत नाही. असा डाग दिसला तर तेल लावत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयात दाखवावं. औषधं मोफत आहेत आणि वेळेवर घेतली तर नसा वाचतात.

आता तेल कोणतं? इथल्या वारली, कोकणा, धोडिया घरांकडे याचं उत्तर पूर्वापार आहे. मोहाचं नाव निघालं की लोकांना फुलं आठवतात, कारण फुलांची दारू. पण फुलांचा हंगाम संपल्यावर, पावसाच्या तोंडावर फळं पिकतात. गर खाऊन झाला की आत तपकिरी, चकचकीत बी उरते. तिचं कवच फोडून आतली डाळ वाळवायची आणि घाण्यावर न्यायची. ही डोळी. तिचं पिवळसर तेल भाजीत पडतं, दिव्यात जळतं आणि हिवाळ्यात टाचांना लागतं. थंडी पडली की ते बाटलीतच थिजतं, मग बाटली उन्हात किंवा चुलीच्या कडेला ठेवावी लागते. उरलेल्या पेंडीत सॅपोनिन असल्यामुळे ती तळ्यात मासे मारायला वापरतात. त्यामुळे तेल गाळून, स्वच्छ घ्यावं. पेंडीचा चोथा अंगाला लावू नये.

डोळीच्या तेलात ओलेइक आम्ल चाळीस टक्क्यांच्या आसपास, पामिटिक आणि स्टिअरिक मिळून तेवढंच किंवा थोडं जास्त, आणि लिनोलेइक सुमारे पंधरा टक्के. म्हणजे हे वरून झाकण घालणारं तेल आहे. पाणी उडू देत नाही, टाचेवर टिकून राहतं. कोकणात कोकमाच्या बियांचं मुठेल भेगांना लावतात, ते तर याहून घट्ट, अंगाच्या उबेला येईपर्यंत वितळत नाही. भेगाळलेल्या टाचेला अशी घट्ट स्निग्धता उत्तम. पण विटांमधला मसाला नव्याने घडवायला जे लिनोलेइक लागतं, ते सूर्यफुलाच्या आणि करडईच्या तेलात खूप जास्त आहे. 2002 मध्ये गॅरी डार्मस्टाट आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या इजा झालेल्या कातडीवर निरनिराळी तेलं लावून पाहिली. सूर्यफुलाच्या तेलाने थर लवकर सावरला, मोहरीच्या तेलाने उलट सावरायला उशीर लागला. सिल्वासाच्या कारखान्यांत उत्तरेकडून आलेले कामगार पुष्कळ आहेत आणि त्यांच्या घरी म्हाताऱ्यांना, तान्ह्या बाळांना मोहरीचं तेल चोळायची रीत आहे. त्यांना हे आपुलकीने सांगायला हवं. खोबरेल तेलाचं काय? फिलिपाइन्समध्ये 2004 साली कोरड्या कातडीच्या लोकांवर ते पातळ खनिज तेलाशी ताडून पाहिलं गेलं आणि दोन्ही सारखीच उपयोगी ठरली.

माझी पसंती विचाराल तर टाचांना डोळीचं तेल किंवा मुठेल, नडगी आणि हातांना करडई, सूर्यफूल किंवा खोबरेल. ज्याला वासाचं वावडं आहे किंवा ज्याची कातडी कशानेही चुरचुरते त्याने साधं व्हॅसलीन घ्यावं. रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून पाणी अडवण्यात त्याच्या तोडीचं स्वस्त द्रव्य क्वचितच सापडलं असेल.

दुकानातल्या महागड्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. ग्लिसरीन खरोखर कामाचं आहे. पेशींच्या पडद्यांत अ‍ॅक्वापोरिन नावाचे पाण्याचे दरवाजे असतात, त्यांच्या शोधाबद्दल पीटर आग्रे यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातला एक दरवाजा पाण्याबरोबर ग्लिसरीनही आत सोडतो, आणि तो नसलेल्या उंदरांची कातडी कोरडी पडते. ग्लिसरीन दिलं की ती सुधारते. निव्वळ ग्लिसरीन मात्र चुरचुरतं, पाण्यात मिसळून लावावं आणि वरून तेलाचा हात फिरवावा. टाचेसाठी दहा टक्के युरियाचं मलम चांगलं, फक्त चिरेवर झोंबतं. हायल्युरोनिक आम्लाचे रेणू सहसा इतके मोठे असतात की ते खोल शिरत नाहीत. वर बसून थोडा वेळ ओल धरतात, एवढाच त्यांचा उपयोग. बाटली कुठलीही असो, मापाचा विचार करावा. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एकदा लावायला तीसेक ग्रॅम लागतं. पन्नास ग्रॅमची बाटली महिनाभर पुरवणारी व्यक्ती खरं तर काहीच लावत नसते.

तेलापेक्षाही मोठा फरक आंघोळीने पडतो. थंडीत म्हाताऱ्या माणसाला बंबाचं कढत पाणी हवंसं वाटतं, सांधे मोकळे होतात. पण मसाल्यातली स्निग्धता गरम पाणी आणि साबण मिळून धुऊन नेतात. कातडी किंचित आंबट, साबण अल्कधर्मी. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी साबणाची चिकट साय होते आणि ती अंगावर राहून खाज वाढवते. पाणी कोमट ठेवावं, दहा मिनिटांत आटपावं, साबण काखा, जांघा आणि पावलं एवढ्यालाच लावावा. नडगीला साबणाची गरज नसते, तिथे मळ साचत नाही. आपल्याकडे दिवाळीत अभ्यंगानंतर उटणं लावून सगळं तेल घासून काढतात. वाग्भटाने अभ्यंग रोज करायला सांगितला आहे, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून. दिवाळीच्या उटण्याला माझा विरोध नाही, पण साठीपुढच्या माणसाच्या हातापायांवर ते घासू नये. आंघोळ झाली की टॉवेल अंगावर दाबून पाणी टिपावं आणि न्हाणीघरातच, कातडी ओलसर असताना, तेल लावावं. कपडे घालून, चहा पिऊन, मग तेल शोधायला गेलं तर तोवर पाणी उडून गेलेलं असतं.

जमीन मात्र तेलकट होऊ देऊ नये. तळव्यांना तेल लावून फरशीवर चाललेला म्हातारा घसरला तर खुब्याचं हाड मोडतं आणि ते दुखणं खाजेपेक्षा फार मोठं असतं. तळव्यांना रात्री, अंथरुणावर बसून लावावं आणि वरून सुती मोजे घालावेत. तेल मुरलेलं सुती कापड आग फार लवकर पकडतं, त्यामुळे चुलीपाशी, शेकोटीपाशी बसणाऱ्यांनी ते मोजे आणि तेलकट लुगडं बदलूनच बसावं. शेकोटीचा आणखी एक दोष आहे. रोज त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर नडग्या शेकत बसलं की काही महिन्यांत कातडीवर जाळीदार तपकिरी नक्षी उठते. ती उष्णतेने झालेली इजा असते, आणि तिथली कातडी आणखीच सुकते. कारखान्यात वातानुकूलित खोल्यांत पाळ्या करणाऱ्यांच्या कातडीलाही कोरड्या हवेचा असाच त्रास पोचतो. त्यांनी तेलाचा हात पन्नाशीतच सुरू करावा.

प्रत्येक खाज वयाची नसते. घरातल्या दोघा-तिघांना रात्री खाज येत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुळ्या असतील तर ती खरूज, आणि तिला तेल नव्हे, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचं औषध लागतं. अंगावर पुरळ नसताना सर्वांगाला खाज सुटली तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तातलं लोह तपासून घ्यावं. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्यांनीही कातडी कोरडी पडते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांच्या कानावर मात्र घालावं.

राहिला खर्चाचा प्रश्न. डोळी पावसाच्या तोंडावर गोळा होते आणि पुष्कळशी लगेच व्यापाऱ्याकडे जाते. तेल लागतं ते डिसेंबरात, तेव्हा हातात पैसे नसतात आणि घरात तेलही नसतं. हातापायांना रोज बारा ग्रॅम धरलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत एका माणसाला साधारण दीड लिटर लागतं. त्यासाठी पाचेक किलो वाळलेली डोळी बाजूला ठेवावी लागते. ती नीट वाळवून, गावच्या घाण्यावर काढून, तेल स्टीलच्या झाकणाच्या डब्यात अंधाऱ्या जागी ठेवलं तर थंडी संपेपर्यंत खवट होत नाही.